प्रतिपिंड आणि व्रणरोपण

दारव्हा येथील एका औषधविक्रेत्या स्नेह्यांनी मध्यंतरी आमच्यापुढे एका व्रणरोपक तेलाचे माहितीपत्रक ठेवले. ‘प्रतिपिंडाने सिद्ध’ असा मथळा, खाली तपकिरी डागांचे छायाचित्र. या तेलात प्रतिपिंड असते काय, असे त्यांनी विचारले. नसते.

व्हीईजीएफ हे प्रथिन नूतन रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देते. व्रणात मांसांकुर येण्यास ते साहाय्यभूत होते. ते उतीत कोठे आहे हे पाहण्यासाठी त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड उतीच्या पातळ छेदावर घालतात आणि त्यास जोडलेल्या एन्झाइमच्या साहाय्याने रंग उमटवितात. प्रतिपिंड येथे केवळ शोधक असते. त्याच्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असेच लिहिलेले असते. मानवी प्रथिनासाठी केलेले प्रतिपिंड उंदराच्या उतीवर वापरले, तर ते तेथेही नेमके चिकटते हे आधी दाखवावे लागते. प्रतिपिंडाविना केलेला तुलनेचा छेदही शेजारी हवा. त्या पत्रकात दोन्ही नव्हते.

चिकित्सेतील प्रतिपिंडाची गोष्ट निराळी. 2004 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफला बांधून निष्प्रभ करते. अर्बुदाचा रक्तपुरवठा त्यामुळे रोखला जातो, परंतु व्रणही लवकर भरत नाही. म्हणूनच मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ते किमान 28 दिवस थांबवितात. नागपूरहून कर्करोगाचे उपचार घेऊन परतलेला रुग्ण न भरणारा व्रण घेऊन आला, तर मधुमेहाबरोबरच कोणते इंजेक्शन, केव्हा घेतले, हेही आम्ही विचारतो. जात्यादि तेलाची पट्टी त्यानंतर.