नवजाताचे प्राणप्रत्यागमन : पहिल्या मिनिटाचे महत्त्व

जन्मतः निश्चेष्ट असणाऱ्या बालकाच्या प्राणप्रत्यागमनाचे उपाय चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात वर्णिले आहेत. कर्णमूलाशी दगडांचा नाद करणे, मुखावर शीत वा उष्ण जलाचे परिषेचन करणे, सुपाने वारा घालणे हे त्यांतील प्रमुख होत. बालकास चेतना देणे हा त्यांमागील हेतू असावा, असे आम्हांस वाटते. परंतु केवळ चेतनेने सर्वच बालके श्वास घेत नाहीत. असे का, हे येथे पाहू.

प्राणवायूच्या अभावी बालकाचा श्वास प्रथम थांबतो, तेव्हा पाठ चोळणे वा तळव्यावर टिचकी मारणे पुरेसे ठरते. अभाव लांबल्यास बालक काही अनियमित उसासे देते व श्वास पुन्हा थांबतो. या दुसऱ्या अवस्थेत कितीही चेतना दिली तरी उपयोग होत नाही. फुफ्फुसांत हवाच भरावी लागते. जन्मक्षणी या दोन अवस्था वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणूनच चेतनेत वेळ दवडू नये.

बालकास कोरड्या, उबदार कापडाने पुसावे. ओले कापड लगेच बदलावे. मान किंचित मागे ठेवावी. मार्गात अडथळा असेल तरच आधी मुख, नंतर नाक साफ करावे. तरीही श्वास न आल्यास पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मुखवट्याने मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यावेत. छाती उचलली जात आहे ना, हे पाहावे. पूर्ण दिवसांच्या बालकास प्रारंभी साधी हवा पुरते. सिलिंडरची वाट पाहू नये. जलपरिषेचनाने बालक थंड पडते, म्हणून तो उपाय आज करू नये.

हे कौशल्य मोठ्या रुग्णालयापुरतेच नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना घरोघरी नवजातसेवेचे शिक्षण दिले. श्वासावरोधावरील उपचार त्याचाच एक भाग होता. या संपूर्ण सेवेमुळे तिसऱ्या वर्षी तेथील नवजात-मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

गावातील स्त्री जे शिकू शकते, ते वैद्यास अवघड नसावे. प्रसूतीशी संबंध येणाऱ्या वैद्यबंधुभगिनींनी हे प्रशिक्षण रीतसर घ्यावे, पुतळ्यावर पुनःपुन्हा सराव करावा आणि प्रसूतीपूर्वी पिशवी-मुखवटा तपासून हाताशी ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.