नेटवर्क कार्डाचा बिघाड व त्याचा शोध

म्हैसूर शहराच्या मेटगळ्ळी या औद्योगिक भागातील एखाद्या कचेरीत संगणक सुरू आहे, परंतु इतर संगणकांशी त्याचा संपर्क तुटला आहे, अशी कल्पना करावी. संगणकाच्या पेटीत संदेशांची ने-आण करणारा जो भाग असतो, त्यास नेटवर्क कार्ड म्हणतात. या कार्डास केव्हा काय करावे हे सांगणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर होय. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स या प्रणालीत ड्रायव्हर हा प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काम करतो. आणि त्याची मूळ संहिता कोणासही वाचावयास खुली असते.

दुरुस्ती करणारा प्रथम तारेची जोडणी व कार्डावरील दिवा पाहतो. नंतर कर्नलला कार्ड दिसते काय, त्यास योग्य असा ड्रायव्हर मिळाला आहे काय, व कर्नलच्या नोंदवहीत कोणती तक्रार आहे, हे क्रमाने तपासतो. नोंदवही न वाचता कार्ड बदलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. तथापि तक्रार खरी असली, तरी तीत अपराध्याचे नाव असतेच असे नाही.

२००८ च्या सप्टेंबरात याचा विलक्षण प्रत्यय आला. कर्नलची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असता, ती चाचणीसाठी वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी झाली. कार्डाच्या कायम स्मृतीतील बेरीज जुळत नाही, अशी तक्रार ‘ई१०००ई’ हा ड्रायव्हर करी. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी उपयोग होत नसे, कारण ती स्मृतीच पुसली गेली होती. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. पडद्यावर चित्रे उमटविणाऱ्या आज्ञावलीवरही गेला. इंटेलच्या अभियंत्यांनी शोध चालू असतानाच कार्डाच्या स्मृतीस लेखनबंदीचे कुलूप घातले. रोग कळण्यापूर्वी रोगी वाचविण्याचा हा मार्ग शहाणपणाचा होता.

खरा अपराधी निराळाच निघाला. कर्नलमधील कार्यांचा माग ठेवणारी ‘एफट्रेस’ नावाची एक सोय होती. ती कार्यांचे स्मृतीतील पत्ते टिपून ठेवी व मागाहून तेथे फेरफार करी. परंतु काही कार्ये केवळ आरंभी लागतात. ती संपताच त्यांची जागा मोकळी होते. भाडेकरू गेल्यावर त्याच खोलीत दुसरा यावा, त्याप्रमाणे त्या पत्त्यावर कधीकधी कार्डाची स्मृती येऊन बसे. एफट्रेसपाशी मात्र जुनाच पत्ता राही.

आता वाचकांस शंका येईल की, लिहिण्यापूर्वी तेथे अपेक्षित मजकूर आहे किंवा नाही हे पाहिले जात नसे काय? पाहिले जात असे. पण त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची आज्ञा अशी आहे की, मजकूर जुळला नाही तरी ती वाचलेलाच मजकूर पुन्हा त्या जागी लिहिते. साध्या स्मृतीत यामुळे काहीच बिघडत नाही. कार्डाच्या स्मृतीस मात्र प्रत्येक लेखन ही आज्ञा वाटू शकते.

ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७.१ या आवृत्तीत एफट्रेसची ही गतिमान पद्धती बंद करण्यात आली, व पुढे तिची रचना बदलली. ई१०००ई मध्ये घातलेले लेखनबंदीचे कुलूप मात्र नंतरही काढण्यात आले नाही.