एकदाच वीस की रोजचे आठ?

कोबी ब्रायंटने 2016 साली आपल्या शेवटच्या सामन्यात 60 गुण केले, ते रील तुम्ही पाहिलंच असेल. पण फ्री थ्रो सोडून त्यासाठी त्याने 50 शॉट मारले, हे रीलमध्ये दिसत नाही. किती गुण आणि किती संधींत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आज हाच हिशेब आपल्या कबड्डीला लावूया, कारण उरणमध्ये बास्केटपेक्षा चढाई जास्त कळते.

समजा, दोन चढाईपटू आहेत. पाच सामन्यांत पहिल्याचे गुण 20, 2, 1, 17, 0. दुसऱ्याचे 8, 7, 9, 8, 8. बेरीज दोघांची 40, सरासरी 8. पहिल्याच्या नावावर दोन सुपर टेन, दुसऱ्याच्या नावावर एकही नाही. पण पहिल्याने तीन सामन्यांत संघाला जवळपास रिकामंच ठेवलं. सरासरी हे लपवते.

आता कार्यक्षमता. 8 गुण 12 चढायांत आणि 8 गुण 20 चढायांत, यात फरक आहेच. त्यात कबड्डीची गोष्ट आणखी कडक. बास्केटबॉलमध्ये नेम चुकला तरी खेळाडू कोर्टवरच राहतो. इथे पकड झाली की समोरच्याला गुण, आणि आपला गडी बाहेर. सहकाऱ्यांनी गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंत बसून राहायचं. बोनसने तर कुणी जिवंतही होत नाही. म्हणून गुणांइतकंच 'किती वेळा बाद झाला' हे मोजायला हवं.

सातत्य कसं दिसतं? कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई बघा. प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात यू मुंबाकडून 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण. मग 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. नवा संघ, अपेक्षांचं ओझं, तरी 22 सामन्यांत 217 गुण. सरासरी 10.4 वरून 9.9, म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या गुणाचा.

गावच्या संघाची निवड करताना आपण मात्र वीस गुणांची क्लिप बघतो, आणि रोज आठ आणणारा पोरगा राखीव बाकावर राहतो. त्यामुळे पुढच्या स्पर्धेत मोबाईलच्या नोट्समध्ये प्रत्येकाचे तीन आकडे लिहा : चढाया, गुण, किती वेळा बाद. पाच-सहा सामने झाले की यादी वाचा, आणि मगच सात जण ठरवा.