लाल गाडी आणि माझा नंबर

दिवाळीची साफसफाई म्हणजे माळ्याची झाडाझडती! यंदा आईला मदत करायला निलंग्याला माहेरी गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेत दादाचा जुना व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, वायरींचं भेंडोळं आणि एक पिवळी कॅसेट.

नव्वदच्या दशकात हा गेम घरी आला, तेव्हा अख्ख्या गल्लीतली पोरं आमच्याकडे पडीक असायची. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची ही स्वस्तातली नक्कल, हे फार नंतर कळलं. सगळ्यांचा जीव ‘रोड फायटर’वर. कोनामी कंपनीचा हा गेम १९८४ साली नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला, वर्षभरात घरच्या टीव्हीवर. आपली लाल गाडी, समोर ट्रक, रस्त्यावर सांडलेलं तेल आणि सतत संपत जाणारं पेट्रोल. धडकलं की पेट्रोल आणखी कमी. रंगीबेरंगी गाडी गाठली की थोडं वाढायचं.

माझा नंबर? “पुढच्या वेळी,” दादा म्हणायचा. तेवढ्यात आईची हाक, “पोरांसाठी चहा ठेव गं!” चहा होईस्तोवर लाईट गेलेली. आईचा राग यायचा तो तेव्हापासून.

कॅसेट चालेना म्हणून मी सवयीने फुंकर मारायला गेले. भाचा ओरडला, “आत्या, फुंकू नको! तोंडाच्या वाफेनं पट्ट्या गंजतात.” त्याने कापसाला स्पिरिट लावून त्या पुसल्या, जुना टीव्ही जोडला आणि काय सांगू, लाल गाडी समोर हजर!

पहिल्यांदाच रिमोट माझ्या हातात. पण इतकी वर्षं दारातून बघून पिवळी गाडी सरळ जाते, निळी आडवी येते, हे सगळं पाठ होतं. दोनदा धडकले, तिसऱ्यांदा बरीच पुढे गेले.

मागून आवाज आला, “मलाबी दे की एकदा.”

आई! हात पदराला पुसत उभी.

“तुला खेळायचं होतं?”

“मग? मला कोण विचारलं होतं तवा?”

मी गप्प झाले. नंबर फक्त माझाच हुकला नव्हता तर. मी निदान दारातून बघत तरी होते. ती चुलीपाशी नुसते आवाज ऐकत होती.

आई पहिल्याच ट्रकवर आदळली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पेट्रोल संपलं तरी रिमोट काही सोडेना.

मैत्रिणींनो, त्या संध्याकाळी चहा भाच्याने केला. साखर जरा जास्तच पडली होती, पण आम्ही दोघींनी कप चाटूनपुसून संपवले.