एक्स-रे मशीनने वाचला, हे पेशंटला कोण सांगणार?

वस्तीत टीबी तपासणीचं शिबिर लागतं. हातात मावणाऱ्या मशीनने छातीचा एक्स-रे निघतो, कॉम्प्युटर तो काही क्षणांत वाचतो आणि आजोबांना सांगितलं जातं, "काही नाही, जा." हे डॉक्टरने पाहिलं की कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने, हे त्यांना कळतच नाही.

१५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीत एक्स-रे वाचायला असं सॉफ्टवेअर वापरता येईल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे याचा मोठा उपयोग आहे. त्यामुळे आमचा विरोध एआयला नाही, न सांगण्याला आहे.

सॉफ्टवेअर निदान करत नाही, फक्त संशय किती हे आकड्यात सांगतं. आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की थुंकीची तपासणी होते. ज्याला आधी टीबी होऊन गेला, त्याच्या फुफ्फुसावरचे जुने व्रण पाहून मशीन फसू शकतं. उलट, खरा रुग्णही कधी सुटू शकतो. हे माहीत असेल तर पेशंट जुना आजार सांगेल आणि खोकला थांबला नाही तर पुन्हा येईल. "काही नाही" एवढंच ऐकलेला माणूस घरी बसेल, घरातल्या लेकरांनाही लागण होईल.

आधार काय? उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय सांगूनच संमती घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं. आयसीएमआरच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआय स्वीकारायचं की नाकारायचं हा पेशंटचा अधिकार आहे. पण ही तत्त्वं आहेत, कायदा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा म्हणतो, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचता आली पाहिजे. त्यात मराठी आहे. आपल्या खान्देशातली अहिराणी, भिली, पावरी नाही.

म्हणून जळगाव-धुळ्यातल्या कार्यकर्त्यांनी शिबिरात चार प्रश्न विचारावेत, तेही आजीला कळेल अशा बोलीत:

१. एक्स-रे कोणी वाचला?
२. डॉक्टर तो पुन्हा पाहणार का?
३. फोटो आणि माहिती कुठे जाणार?
४. नको म्हटलं तर दुसरी तपासणी मिळेल का?

कागदावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. समजून दिलेला होकार म्हणजे संमती.