नायट्रोजनची वलये आणि त्यांचा जमाखर्च

मनोरीच्या किनाऱ्यावर उतरलेला बांगडा बर्फाविना तापत पडला, तर जीवाणू त्याच्या मांसातील हिस्टिडीनचे हिस्टामिन करतात, आणि तो मासा खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. शिजवूनही हे द्रव्य नष्ट होत नाही. या हिस्टामिनच्या रेणूत तीन कार्बन व दोन नायट्रोजन अणूंचे वलय असते. तेव्हा अशी वलये म्हणजे कारखान्यांतली कृत्रिम करणी, हा समज निराधार आहे. शिवाय जीवाणूंचे हे काम ज्या विकराने पार पडते, तो सामान्य तापमानात, पाण्यात चालणारा उत्प्रेरकच होय.

अशी वलये घडवण्याच्या हरित, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, पद्धतींचा शोध परदेशातच लागतो, ही समजूतही तशीच. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, भालचंद्र भानगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनोबेंझोनायट्राइल व कार्बन डायऑक्साइड यांपासून क्विनाझोलिनडायोन हे वलय घडवण्याच्या पद्धती सिद्ध केल्या, आणि त्यांतील एकीत मॅग्नेशियम व झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडांचा घन उत्प्रेरक पाण्यात वापरला. प्राझोसिनसारख्या रक्तदाबाच्या औषधांची वाट याच जातीच्या वलयावरून जाते, आणि जुन्या रीतींपैकी एकीत फॉस्जीन हा जीवघेणा वायू लागतो. इथे मात्र ११८ ग्रॅम नायट्राइल आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळून कागदोपत्री १६२ ग्रॅम वलय हाती येते. एकही अणू वाया जात नाही. मला या हिशेबाचे सौंदर्य फार भावते.

पण कार्बन डायऑक्साइड असा वापरल्याने हवामान सुधारेल, असे मानणे चूक आहे, कारण औषधांचे उत्पादन अल्प असते आणि वायू दाबाखाली तापवण्यास ऊर्जा लागते. ती खर्चाच्या बाजूला मांडलीच पाहिजे. पाणी वापरले म्हणजे प्रदूषण टळले, असेही नाही. सेंद्रिय द्रव्यांनी मळलेले पाणी शुद्ध करणे कित्येकदा द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्याहून अवघड ठरते. उत्प्रेरक खर्ची पडत नाही हे तत्त्वतः खरे, तरी व्यवहारात तो हळूहळू निकामी होतो किंवा औषधात उतरतो, आणि पॅलेडियम असेल तर तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. घन उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो, याचे मोल तिथे कळते.