संशोधकांचा आवाज सभागृहाबाहेरच
केंद्रीय विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थ्यांची ‘नॉन-नेट’ पाठ्यवृत्ती बंद करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१५ मध्ये घेतला. एम.फिल.साठी दरमहा पाच हजार, पीएच.डी.साठी आठ हजार रुपये, एवढीच ती रक्कम. दिल्लीत आयोगाच्या कार्यालयापुढे विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला, तेव्हा कुठे केंद्राने त्याच महिन्यात माघार घेऊन फेरविचारासाठी समिती नेमली.

हा आवाज आधीच का ऐकू आला नाही, याचे उत्तर आयोगाच्या रचनेत आहे. आयोगाच्या कायद्याने अध्यक्ष व उपाध्यक्षांखेरीज दहा सदस्य ठरवले. त्यांत केंद्राचे दोन अधिकारी आणि किमान चार विद्यापीठीय अध्यापक यांची तरतूद झाली, विद्यार्थ्याची नाही. उरला विद्यार्थी संघ. लिंगडोह समितीने २००६ मध्ये संशोधक उमेदवारासाठी २८ वर्षांची कमाल मर्यादा सुचवली. अनेकांचा प्रबंध त्या वयात अपुराच असतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर २०१९ नंतर संघाची निवडणूक झाली ती थेट मार्च २०२४ मध्ये.

पाठ्यवृत्ती, वसतिगृह, संशोधनाच्या जागा यांवरील निर्णयांत ज्यांचे भवितव्य गुंतले आहे, त्यांना तेथे मताधिकार हवा. तो नाकारला, तर रस्ता हेच त्यांचे सभागृह राहील.